ट्रान्झिस्टरच्या पोटातली दरड

विज्ञान प्रदर्शनाला अवघे दोन दिवस उरले आहेत, असे समजा. कुंडीतल्या रोपाला ठरावीक वेळाने आपोआप पाणी देणारे यंत्र तुम्ही तयार केले आहे. वेळ मोजायला ५५५ नावाची आयसी, तिच्या हुकमाने रिले चालू-बंद करायला बीसी ५४७ हा वाटाण्याएवढा ट्रान्झिस्टर, बारा व्होल्टांचा रिले आणि मासे पाळायच्या टाकीत वापरतात तसला एक छोटा पंप, एवढेच सामान. वेळ झाली की रिले ‘टक्’ असा आवाज करतो आणि पंप सुरू होतो. पुन्हा ‘टक्’ की पंप बंद. घरच्यांना दाखवून झाले, शेजाऱ्यांना दाखवून झाले. आणि विसाव्या-पंचविसाव्या वेळी पंप जो सुरू झाला तो थांबेचना! कुंडी भरली, ताटली भरली, पाणी जमिनीवर वाहू लागले.

तुम्ही घाईने बॅटरी काढली. ट्रान्झिस्टर पाहिला. धूर नाही, जळका वास नाही, त्याच्या काळ्या अंगावर साधा ओरखडाही नाही. पण मल्टिमीटर लावून पाहता त्याच्या दोन टोकांमधला रोध जवळजवळ शून्य निघाला. म्हणजे तो आता ट्रान्झिस्टर राहिला नव्हता, नुसता तारेचा तुकडा झाला होता. तुम्ही नवा आणून बसवला. दुसऱ्या दिवशी तोही गेला.

एक गेला तर माल खराब होता असे म्हणता येईल. दोन गेले की आपल्या जोडणीकडे संशयाने पाहावे लागते. ट्रान्झिस्टर कशाने मेला हे कळण्यासाठी तो जगतो कसा हे आधी पाहायला हवे. ते पाहताना एक मजेशीर गोष्ट आपल्या लक्षात येईल. ज्या गुणांमुळे ट्रान्झिस्टर एवढा कामाचा ठरला, तेच गुण त्याची मर्मस्थाने आहेत.

सांधा म्हणजे काय?

आजचे बहुतेक ट्रान्झिस्टर सिलिकॉनचे असतात. सिलिकॉनच्या अणूला बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात आणि स्फटिकात तो आपल्या चार शेजाऱ्यांशी त्यांच्या साहाय्याने बांधलेला असतो. सगळेच इलेक्ट्रॉन बांधलेले, मग वीज वाहून न्यायला मोकळे कोण? फारच थोडे. खोलीच्या तापमानाला शुद्ध सिलिकॉनमध्ये सुमारे पाच लाख कोटी अणूंमागे एक इलेक्ट्रॉन उष्णतेच्या धक्क्याने मोकळा झालेला असतो.

आता या स्फटिकात किंचित फॉस्फरस मिसळला, तर त्याच्या अणूजवळ पाच इलेक्ट्रॉन असल्याने चार बंधांत गुंततात आणि पाचवा मोकळा राहतो. हे झाले एन जातीचे सिलिकॉन. फॉस्फरसऐवजी बोरॉन मिसळला, तर त्याच्याजवळ तीनच इलेक्ट्रॉन असल्यामुळे एका बंधात जागा रिकामी राहते. या रिकाम्या जागेला आपण पोकळी म्हणू. शेजारचा इलेक्ट्रॉन त्या पोकळीत येऊन बसला की पोकळी शेजारी सरकते. सिनेमागृहात एका रांगेतले प्रेक्षक एकेक खुर्ची सरकले की रिकामी खुर्ची उलट दिशेने जाताना दिसते, तसेच हे. पोकळी जणू धन भाराचा कण असल्यासारखी हिंडते. हे झाले पी जातीचे सिलिकॉन.

एकाच स्फटिकात एक बाजू पी आणि दुसरी एन असेल, तर जिथे त्या भेटतात त्या जागेला सांधा म्हणतात. सांध्याजवळचे मोकळे इलेक्ट्रॉन पी बाजूत शिरून पोकळ्या भरून टाकतात. त्यामुळे तिथे एक अरुंद पट्टा असा तयार होतो की ज्यात मोकळे इलेक्ट्रॉनही नाहीत आणि पोकळ्याही नाहीत. त्याला आपण रिता पट्टा म्हणू. इलेक्ट्रॉन गेल्यामुळे एन कडेला धन भार उरतो, पी कडेला ऋण भार साचतो आणि पुढच्या इलेक्ट्रॉनांच्या वाटेत जणू एक चढ उभा राहतो.

बॅटरीचे धन टोक पी बाजूला व ऋण टोक एन बाजूला जोडले, तर हा चढ कमी होतो. सिलिकॉनच्या सांध्यावर सुमारे ०·६ ते ०·७ व्होल्ट दाब पडला की प्रवाह जोराने वाहू लागतो. ही सुलट जोडणी. बॅटरी फिरवली तर चढ आणखी उंच होतो, रिता पट्टा रुंदावतो आणि प्रवाह जवळजवळ थांबतो. ही उलट जोडणी. मात्र एक गोष्ट विसरू नका. एनकडून पीकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनाला जो चढ वाटतो, तोच पी बाजूला असलेल्या एखाद्या चुकार इलेक्ट्रॉनाला उतार असतो. तो पट्ट्याच्या काठाशी आला रे आला की घसरत एन बाजूला जाऊन पडतो. ट्रान्झिस्टरचे सारे गमक या उतारात आहे.

दोन सांध्यांची किमया

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी डिसेंबर १९४७ मध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. त्यात जर्मेनियमच्या तुकड्यावर धातूची दोन टोके टेकवलेली होती. त्यांचे सहकारी विल्यम शॉक्ली यांनी जानेवारी १९४८ मध्ये, टोके टेकवण्याऐवजी एकाच स्फटिकात दोन सांधे असलेल्या ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. तिघांना १९५६ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे याच चिमुकल्या वस्तूंमुळे रेडिओ खांद्याला अडकवून नेण्याएवढा हलका झाला. आपल्याकडे तर लोक त्या रेडिओलाच ‘ट्रान्झिस्टर’ म्हणू लागले.

बीसी ५४७ हा शॉक्लींच्या घराण्यातला. त्यात एन, पी, एन असे तीन थर असतात. पहिला एन थर म्हणजे उत्सर्जक, अर्थात एमिटर. मधला पी थर म्हणजे आधार, अर्थात बेस. शेवटचा एन थर म्हणजे संग्राहक, अर्थात कलेक्टर. तीन थर म्हणजे दोन सांधे झाले. काम करताना उत्सर्जक-आधार सांधा सुलट जोडलेला असतो व आधार-संग्राहक सांधा उलट जोडलेला असतो.

उत्सर्जकातून इलेक्ट्रॉनांची झुंड आधारात शिरते. आधारात पोकळ्या आहेत, त्यांच्यात पडून काही इलेक्ट्रॉन नाहीसे होतील. पण आधाराचा थर इतका पातळ असतो, मायक्रोमीटरभर किंवा त्याहूनही कमी, की पोकळी गाठण्यापूर्वीच बहुतेक इलेक्ट्रॉन पलीकडच्या काठाशी पोहोचतात. आपला केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा. आणि पलीकडच्या काठावर आहे तो उतार! इलेक्ट्रॉन घसरत संग्राहकात जातात. शंभर निघाले तर नव्याण्णव पार होतात आणि एखादाच आधारात अडकतो. अडकलेल्याने भरून टाकलेली पोकळी आधाराच्या तारेतून पुन्हा पुरवावी लागते. तोच आधाराचा प्रवाह.

आता हेच वाक्य उलटे वाचा. आधाराला एका कणाएवढा प्रवाह द्या, संग्राहकातून नव्याण्णव कणांएवढा वाहील. आधाराचा प्रवाह तोडा, सगळेच थांबेल. छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह हाताळणे म्हणजेच विवर्धन. तुमच्या यंत्रात ५५५ कडून मिळणारा एखादा मिलिअँपिअर प्रवाह रिलेचे तीस मिलिअँपिअर हाताळत होता, तो याच जोरावर.

हे साधण्यासाठी ट्रान्झिस्टर घडवणाऱ्याला तीन गोष्टी कराव्या लागतात. आधार अतिशय पातळ ठेवायचा. उत्सर्जकात फॉस्फरससारख्या द्रव्याची भेसळ भरपूर करायची, म्हणजे सांध्यातून जाणाऱ्या प्रवाहात उत्सर्जकाच्या इलेक्ट्रॉनांचेच राज्य राहील. आणि संग्राहकात भेसळ कमी ठेवायची. हे तिन्ही मुद्दे ध्यानात ठेवा, पुढे ते एकेक करून परत येणार आहेत.

दरड कोसळते तेव्हा

सांध्याला उलट दाब दिला की प्रवाह थांबतो, असे आपण म्हटले. मग दाब वाढवतच नेला तर काय होईल?

पट्टा फार अरुंद आहे, हे विसरू नका. उत्सर्जक-आधार सांध्यात तो मायक्रोमीटरचे दोन-तीन दशांशच रुंद असतो. ०·२ मायक्रोमीटर पट्ट्यावर सहा व्होल्ट पडले, तर एका सेंटीमीटरला तीन लाख व्होल्ट असे प्रमाण होते. कोरड्या हवेत साधारण दर सेंटीमीटरला तीस हजार व्होल्ट झाले की ठिणगी पडते. म्हणजे हातात धरायच्या बॅटरीने आपण सिलिकॉनच्या पोटात, हवेत ठिणगी पाडणाऱ्या ताणाच्या दहापट ताण निर्माण केला!

उष्णतेने मोकळा झालेला एखादा इलेक्ट्रॉन या पट्ट्यात येतो. तीव्र उतारावर तो वेग घेतो. वाटेत स्फटिकाच्या कंप पावणाऱ्या अणूंशी टकरा होतात आणि वेग कमी होतो. पण उतार पुरेसा तीव्र असेल, तर दोन टकरांच्या दरम्यानच त्याची ऊर्जा एवढी वाढते की पुढच्या टकरीत तो बंध तोडून दुसरा इलेक्ट्रॉन मोकळा करतो. त्या तुटलेल्या बंधाच्या जागी पोकळी राहते. एकाचे दोन इलेक्ट्रॉन झाले, शिवाय उलट दिशेने धावणारी एक पोकळी. तीही वाटेत बंध तोडते. पावसाळ्यात घाटात एक दगड सुटतो, तो खालच्या दोघांना ढकलतो, ते आणखी चौघांना, आणि पाहता पाहता दरड कोसळते. शास्त्रज्ञांनी या क्रियेला बर्फाच्या कड्याच्या कोसळण्यावरून नाव दिले. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांनी दरड म्हणायला हरकत नाही.

तुम्ही शिकलेली भूमितीय श्रेढी इथे उपयोगी पडते. शंभर इलेक्ट्रॉन पट्ट्यात शिरले आणि त्यांनी पन्नास नव्या जोड्या निर्माण केल्या, असे धरा. त्या पन्नास जोड्या आणखी पंचवीस करतील, त्या साडेबारा, अशी बेरीज करत गेलो तर १०० + ५० + २५ + १२·५ + … म्हणजे २००. प्रवाह दुप्पट झाला, पण आवाक्यात राहिला. दाब वाढवून शंभरांमागे नव्वद जोड्या होऊ लागल्या, तर १०० + ९० + ८१ + … म्हणजे १,०००, अर्थात दसपट. आणि शंभरांमागे शंभर जोड्या झाल्या तर? १०० + १०० + १०० + … या बेरजेला अंत नाही. त्या दाबाला सांधा भंगतो. प्रवाह आता सांधा ठरवत नाही, बाहेरची बॅटरी व रोधक ठरवतात.

आता उत्सर्जकाची ती भरपूर भेसळ आठवा. पट्टा दोन्ही बाजूंच्या भेसळीवर अवलंबून असतो. भेसळ जास्त तर पट्टा अरुंद, पट्टा अरुंद तर उतार तीव्र. म्हणून उत्सर्जक-आधार सांधा बहुधा सहा ते दहा व्होल्टांतच भंगतो. याउलट संग्राहकात भेसळ कमी असल्याने तिथला पट्टा कित्येक मायक्रोमीटर पसरतो व पन्नास-शंभर किंवा त्याहून अधिक व्होल्ट पेलतो.

भेसळ दोन्हीकडे फारच वाढवली तर आणखी एक चमत्कार होतो. पट्टा इतका अरुंद होतो की पी बाजूच्या बंधातला इलेक्ट्रॉन चढ न चढता, टक्कर न देता, सरळ पलीकडे एन बाजूला प्रकट होतो. पुंजयामिकीच्या नियमांनी हे शक्य होते. क्लॅरेन्स झेनर यांनी १९३४ मध्ये अशा क्रियेचे गणित मांडले होते. सिलिकॉनमध्ये साधारण पाच व्होल्टांखाली भंगणारे सांधे मुख्यतः या झेनर क्रियेने भंगतात, सात-आठ व्होल्टांच्या वरचे दरडीने, आणि मधल्या भागात दोन्ही क्रिया मिळून काम करतात. दोघींची ओळख पटवायची खूण तापमान ही आहे. सांधा तापवला की अणूंचा कंप वाढतो, इलेक्ट्रॉनाला वेग घ्यायला मोकळी वाट कमी मिळते आणि दरड कोसळवायला अधिक दाब लागतो. झेनर क्रियेत मात्र तापवल्यावर कमी दाब पुरतो.

आधार पातळ असण्याचीही किंमत असते. संग्राहकाकडचा रिता पट्टा दाबाबरोबर रुंदावत जातो, आणि त्याचा काही भाग आधारात पसरतो. आधार फारच पातळ असेल, तर पट्टा पलीकडे उत्सर्जकापर्यंत जाऊन भिडतो. मग आधार उरतच नाही आणि उत्सर्जकातले इलेक्ट्रॉन थेट संग्राहकात ओतले जातात.

७५, ४० आणि ६

प्रत्येक ट्रान्झिस्टरचे एक माहितीपत्रक असते. २एन २२२२ए या सर्वत्र मिळणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या पत्रकात दाबाच्या तीन मर्यादा दिलेल्या आढळतात. संग्राहक व आधार यांच्यात ७५ व्होल्ट, संग्राहक व उत्सर्जक यांच्यात, आधार मोकळा सोडला असता, ४० व्होल्ट, आणि उत्सर्जक व आधार यांच्यात उलट दिशेने ६ व्होल्ट.

सहा का, ते आपल्याला कळले. ७५ कशामुळे, तेही कळले. पण ४० कुठून आले? संग्राहक-उत्सर्जक वाटेतही दाब अडवणारा सांधा तोच आहे, संग्राहकाचा. तो ७५ पेलतो, तर इथे ४० वरच का थांबायचे? पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करा.

उत्तर विवर्धनात आहे. संग्राहकाच्या पट्ट्यात एका इलेक्ट्रॉनाने एक जोडी निर्माण केली, असे समजा. नवा इलेक्ट्रॉन संग्राहकाकडे गेला. पोकळी आली आधारात. आधाराची तार मोकळी आहे, पोकळीला बाहेर जायला वाट नाही. आणि आधारात पोकळी येणे म्हणजे काय? बाहेरून आधाराला प्रवाह देणे आणि हे, दोन्ही एकच! ट्रान्झिस्टरला वाटते, आपल्याला हुकूम मिळाला. तो इमानाने त्या एका पोकळीमागे उत्सर्जकातून सुमारे शंभर इलेक्ट्रॉन पाठवतो. हे शंभर जण संग्राहकाच्या उतारावरून जातात. त्यांच्यापैकी एकाने जरी एक बंध तोडला, तरी नवी पोकळी आधारात हजर. पुन्हा शंभर इलेक्ट्रॉन. हे चक्र थांबत नाही.

सांधा एकटा असताना शंभर इलेक्ट्रॉनांनी शंभर जोड्या केल्या तरच तो भंगत होता. इथे शंभरांनी एक जोडी केली तरी पुरते. म्हणून कितीतरी कमी दाबाला भंग होतो. ट्रान्झिस्टरचे विवर्धन जितके अधिक, तितका या बाबतीत तो दुबळा. ट्रान्झिस्टर स्वतःच्याच गुणाने स्वतःला दगा देतो, तो असा. आधार आणि उत्सर्जक यांच्यात एक रोधक जोडला तर पोकळ्यांना बाहेर पडायला वाट मिळते आणि ही मर्यादा वाढते. जाणकार लोक असा रोधक का लावतात, हे आता तुमच्या ध्यानात येईल.

भंगला म्हणजे मेला?

नाही! सांधा भंगणे म्हणजे काही तुटणे-फुटणे नव्हे. दाब काढून घेतला की दरड थांबते आणि सांधा पूर्ववत होतो. दाब स्थिर ठेवणारे झेनर डायोड तर जन्मभर भंगलेल्या अवस्थेतच काम करतात. मारते ती उष्णता.

दाब गुणिले प्रवाह म्हणजे शक्ती. सांध्यावर आठ व्होल्ट आणि प्रवाह एक मिलिअँपिअर, तर आठ मिलिवॉट, म्हणजे काहीच नाही. पण साठ व्होल्ट आणि तीस मिलिअँपिअर, तर १·८ वॉट झाले. बीसी ५४७ ची कायम पेलण्याची मर्यादा अर्ध्या वॉटच्या आसपास आहे. शिवाय ही उष्णता सगळीकडे सारखी पसरत नाही. स्फटिकाचा एखादा ठिपका शेजाऱ्यांपेक्षा किंचित गरम असतो. उत्सर्जकाचा सांधा दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्ट कमी दाबात तेवढाच प्रवाह देतो. साहजिकच गरम ठिपका अधिक प्रवाह ओढतो, त्यामुळे आणखी गरम होतो, त्यामुळे आणखी प्रवाह ओढतो. काही क्षणांत जवळजवळ सगळा प्रवाह त्या एका ठिपक्यातून वाहू लागतो. याला दुसरा भंग म्हणतात, आणि यातून परत येणे कठीण. सिलिकॉनवर अॅल्युमिनियमचे पातळ जोड असतील, तर ५७७ अंश सेल्सिअसला दोघांचे मिश्रण वितळू लागते, धातू सांध्यातून आरपार जातो आणि मल्टिमीटर शून्य दाखवतो. बाहेरून ओरखडाही दिसत नाही, कारण जळलेला भाग केसाच्या जाडीहूनही लहान असू शकतो.

उत्सर्जकाच्या सांध्याच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. तो कमी प्रवाहाने भंगवला तर ट्रान्झिस्टर मरत नाही, पण पट्ट्यातले वेगवान कण सिलिकॉनच्या पृष्ठावरील ऑक्साइडच्या थराजवळ दोष निर्माण करतात. परिणामी लहान प्रवाहांना त्याचे विवर्धन कायमचे घटते. ट्रान्झिस्टर जगतो, पण अधू होतो.

स्वतः करून पाहा

एक बीसी ५४७, दहा हजार ओहमचा एक रोधक, नऊ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या आणि मल्टिमीटर घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत हे सारे मिळते. शाळेच्या प्रयोगशाळेतही बहुधा असेलच. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे व पाय खाली धरले, तर डावीकडून संग्राहक, आधार, उत्सर्जक असा क्रम असतो.

बॅटऱ्या एकापुढे एक जोडा, म्हणजे अठरा व्होल्ट मिळतील. धन टोक रोधकातून आधाराला व ऋण टोक उत्सर्जकाला जोडा. संग्राहक मोकळा ठेवा. आधार-उत्सर्जक दाब मोजा. सुमारे ०·७ व्होल्ट येईल. ही सुलट जोडणी. आता बॅटरी फिरवा. धन टोक रोधकातून उत्सर्जकाला, ऋण टोक आधाराला. पुन्हा मोजा. सांधा पूर्ण बंद असता तर मल्टिमीटरने जवळजवळ अठरा व्होल्ट दाखवले असते. पण दिसतील बहुधा सहा ते दहा व्होल्ट. ही तुमची दरड! रोधकाच्या जागी बावीस हजार ओहमचा घालून पाहा. प्रवाह निम्म्याखाली जाईल, दाब मात्र जेमतेम हलेल. रोधक कधीही वगळू नका, आणि प्रयोग झाल्यावर हा ट्रान्झिस्टर बाजूला ठेवा. का, ते वर सांगितलेच आहे.

पंप का थांबला नाही?

आता तुमच्या कुंडीकडे वळू. रिलेमध्ये तारेचे वेटोळे असते. त्यातून प्रवाह वाहत असताना त्याच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. ५५५ ने आधाराचा प्रवाह एकदम तोडला. ट्रान्झिस्टर बंद होऊ लागला. पण वेटोळ्याला प्रवाहात एकाएकी झालेला बदल खपत नाही. प्रवाह चालू ठेवण्यासाठी ते आपल्या टोकांवर दाब निर्माण करते, आणि बारा व्होल्टांच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या त्या संग्राहकावर क्षणभर बाराच्या कितीतरी पट दाब येतो. मर्यादा ४५ व्होल्टांची. दरड कोसळते, आणि वेटोळ्यातली सगळी ऊर्जा त्या चिमुकल्या स्फटिकात उतरते. दर ‘टक्’ला हेच. एखादा ट्रान्झिस्टर पहिल्याच वेळी जातो, एखादा शंभराव्या.

उपाय एका डायोडचा आहे. १एन ४००७ घ्या आणि रिलेच्या वेटोळ्याला समांतर जोडा. डायोडवरची पांढरी रेघ धन पुरवठ्याच्या बाजूला हवी. एरवी तो उलट जोडलेला असल्याने काही करत नाही. ट्रान्झिस्टर बंद होताच वेटोळ्याचा प्रवाह डायोडमधून गोल फिरतो आणि हळूहळू विरतो. संग्राहकावर पुरवठ्यापेक्षा जेमतेम एक व्होल्ट अधिक दाब येतो.

दोन ट्रान्झिस्टर व दोन कपॅसिटर यांचा लुकलुकणारा दिवा तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. तो बारा व्होल्टांवर चालवला, तर दर लुकलुकीला कपॅसिटर एका ट्रान्झिस्टरच्या आधाराला उणे आठ-नऊ व्होल्टांपर्यंत खाली ओढतो. सहाची मर्यादा ओलांडली जाते. दिवा लुकलुकतो, म्हणून कुणाला शंका येत नाही, पण लुकलुकण्याची गती हिशेबाप्रमाणे येत नाही आणि ट्रान्झिस्टर हळूहळू अधू होत जातो. असा दिवा पाच-सहा व्होल्टांवरच चालवावा.

एवढे वाचून दरडीला शत्रू मात्र मानू नका. भंगाच्या जरा पलीकडे दाब देऊन ठेवलेल्या सांध्यावर प्रकाशाचा एकच कण पडला, तरी त्यातून सुटलेला एक इलेक्ट्रॉन दरड कोसळवतो आणि मोजता येईल असा प्रवाह देतो. प्रकाशाचे एकेक कण टिपणारे शोधक याच तत्त्वावर चालतात. घाटात एक दगड सुटल्याची वर्दी सगळ्या दरडीने द्यावी, तसे हे.

तेव्हा नवा ट्रान्झिस्टर बसवण्यापूर्वी त्याच्या माहितीपत्रकातले ते तीन आकडे शोधा, आणि आपल्या जोडणीत प्रत्येक सांध्यावर जास्तीत जास्त किती दाब येईल ते कागदावर मांडा. चालू असताना किती येईल एवढेच पाहू नका. बंद होण्याच्या क्षणी किती येईल, तेही पाहा. तुमच्या कुंडीचा घोटाळा त्याच क्षणी झाला होता.